पेन्शन आणि हौस

उतारवयात एखाद्या माणसाने नवे काही हाती घेतले, की त्याच्यासाठी मराठीत शब्द तयारच असतात, आणि त्यातले बरेचसे बोचरे आहेत. ‘म्हातारचळ’ हा त्यातला पहिला. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर ऐन साठीच्या उंबरठ्यावर हटकून ऐकू येते. खुद्द ‘छंद’ हा शब्दही आज जितका सभ्य वाटतो तितका पूर्वी नव्हता. ‘छंदीफंदी’ माणसाला कुणी मुलगी देत नसे, आणि ‘नादी लागणे’ हे आजही कौतुकाने म्हटले जात नाही. त्यातल्या त्यात ‘हौस’ सोज्वळ. पण तीही लग्नकार्यात, दागदागिन्यांत, पोराबाळांच्या कोडकौतुकात शोभते असे आपण धरून चाललो. पन्नाशी उलटलेल्या माणसाची हौस म्हणजे उरलेल्या वेळाची सोय, फार तर मन रमवण्याचे साधन, ही समजूत भाषेत इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. ती तपासली, तर गेल्या दोनशे वर्षांतला महाराष्ट्र तिच्या विरुद्ध साक्ष देतो. आपल्या संगीताची आजची मांडणी, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, पक्ष्यांची मराठी नावे, इतकेच काय, पालखी सोहळ्याची शिस्तसुद्धा, यांत अशा माणसांचा मोठा हात आहे ज्यांनी एक काम आयुष्यभर केले आणि उत्तरार्धात दुसरेच हाती घेतले. आणि त्यांच्या यशाचे कारण मोकळा वेळ हे नव्हते. मोकळा वेळ पुष्कळांना मिळतो. पहिल्या कामात हाताला जे वळण लागले होते ते दुसऱ्या कामात उतरले, म्हणून ते काम उभे राहिले.

जुन्या व्यवस्थेत नोकरी अमुक तारखेला संपते ही कल्पनाच नव्हती. कुलकर्णी, पाटील, देशमुख ही वतने होती; हात थकले की मुलगा दप्तर सांभाळू लागे आणि बाप ओसरीवर बसून सल्ला देई. लढाईत माणूस पडला तर त्याच्या मुलाबाळांसाठी सरकारातून काही नेमून दिले जाई, पण ती मृत्यूची भरपाई होती, वयाची नव्हे. शास्त्रात वानप्रस्थाश्रम होता खरा. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले की घर सोडून वनात जावे, असे मनुस्मृती सांगते. प्रत्यक्षात वनात जाणारे थोडे. बहुतेकांचे वन काशीयात्रेपुरते किंवा देवळाच्या सभामंडपापुरते असे. तरी या कल्पनेत एक गोष्ट फार मोलाची होती. संसार संपला म्हणजे माणूस संपला असे तिने मानले नाही. त्याच्यापुढे वेगळी दिनचर्या आणि वेगळे काम ठेवले.

असे काम निवडणाऱ्यांत हैबतबाबा आरफळकरांचे नाव आधी घ्यावे लागते. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. चाकरी सोडून ते आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा त्यांनी सुरू केला. त्याआधी, १६८५ पासून, तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी घालून दिलेल्या रीतीने ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र पंढरपूरला जात. वारी अर्थातच त्याहून कितीतरी जुनी. हैबतबाबांनी तिला जे दिले ते लष्करी मुक्कामाचे वळण. दिंड्यांचा क्रम ठरलेला, रथापुढच्या कोणत्या आणि मागच्या कोणत्या हे ठरलेले, तळ कुठे पडणार ते ठरलेले. चोपदाराने चोप उंचावला की हजारोंचा टाळमृदंग एका क्षणात थांबतो. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे. फौजेच्या कूचमुक्कामात मुरलेल्या माणसालाच अशी व्यवस्था सुचली. वारीला छंद म्हणणे चुकीचे होईल, आणि मला तसे म्हणायचेही नाही. ती उपासना आहे. पण एका धंद्यात कमावलेली शिस्त निराळ्याच प्रेमाच्या कामी कशी येते, याचे याहून उघड उदाहरण आपल्याकडे नाही. आजही आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर हैबतबाबांनी आखलेल्या चाकोरीतच चालले जाते.

इंग्रजी अमदानीत चित्र पालटले ते पेन्शनीमुळे. सरकारी नोकराने पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचे आणि मरेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची, हा नियम रुजला आणि समाजात पूर्वी कधी नव्हता असा एक वर्ग तयार झाला: शिकलेला, हिंडताफिरता, पोटाची चिंता नसलेला आणि सकाळी दहा वाजता कुठेही जायचे नसलेला. पुण्याला ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणू लागले ते याच काळात. इथे कुणी म्हणेल, त्या वेळी लोक जगत तरी किती? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते हे खरे. पण ती सरासरी खाली ओढली होती ती बालमृत्यूंनी. जो माणूस पंचावन्नपर्यंत पोचला त्याच्यापुढे पुष्कळदा पंधरा-वीस वर्षे असत. त्या वर्षांचे करायचे काय, हा प्रश्न पेन्शनीने पहिल्यांदा मोठ्या संख्येने लोकांपुढे टाकला. उत्तरे नाना तऱ्हांची निघाली. रोज पर्वती चढणे, पोथी वाचणे, नगरपालिकेत भांडणे, बाग करणे. आणि काहींनी असे उत्तर काढले की त्यावर पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यांचा वैष्णव-शैव पंथांवरचा ग्रंथ १९१३ मध्ये, शहात्तराव्या वर्षी निघाला. पण ते मुळातच संस्कृतचे प्राध्यापक, त्यांची वाट बदलली नव्हती. वाट बदललेल्यांकडे पाहिले म्हणजे मुद्दा नीट दिसतो.

विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. जन्म १८६० चा, वकिलीची परीक्षा १८८७ ची. गाण्याचे वेड तरुणपणापासून होते. सतार शिकले होते, पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत जात होते, तिथे धृपदाची तालीमही घेतली. इथवर ती त्या काळच्या सुशिक्षित माणसाची हौस होती आणि तशीच राहिली असती तर आज कुणाला नावही ठाऊक नसते. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये एकुलती मुलगी गेली. त्यानंतर या माणसाने गाडीचे तिकीट काढले आणि देश हिंडायला सुरुवात केली. १९०४ मध्ये दक्षिण, मग नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, मग उत्तर हिंदुस्थान. पन्नाशीच्या सुमारास वकिली पूर्ण सोडली.

या प्रवासांत त्यांनी जे केले ते गायकाने केले नसते आणि संस्कृत पंडितानेही केले नसते. त्यांनी उलटतपासणी घेतली. या रागात हा स्वर का लागतो? कोणत्या ग्रंथात लिहिले आहे? ग्रंथात नसेल तर तुम्हाला कुणी सांगितले? तुमच्या गुरूंनी हाच राग असाच गायला, की वेगळा? एका उस्तादाचे म्हणणे दुसऱ्याच्या म्हणण्याशेजारी ठेवायचे, दोन्ही ग्रंथाशेजारी ठेवायची, आणि जिथे तिन्ही जुळत नाहीत तिथे चालू व्यवहाराला प्रमाण मानायचे. न्यायालयात साक्षीपुराव्याचे वजन करणाऱ्या माणसाची ही रीत आहे. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितारांची गाठ घेतली, तंजावरच्या परंपरेतला व्यंकटमखीचा ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ हा ग्रंथ अभ्यासला, आणि त्यातल्या बहात्तर मेळांच्या कल्पनेतून हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाटांची सुटसुटीत मांडणी बसवली. घराण्यांच्या तिजोरीत राहिलेल्या शेकडो बंदिशी मिळवून, स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांत छापल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे मराठी खंड १९१० पासून निघू लागले, त्यांची रचनाही गुरु-शिष्यांच्या सवालजबाबाची आहे. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, आणि लखनौचे मॅरिस संगीत कॉलेज १९२६ मध्ये उघडले तेव्हा सहासष्ट. भातखंड्यांवर आक्षेप पुष्कळ आहेत. दहा थाटांत सगळे राग बसत नाहीत, हा जुना आक्षेप बरोबरच आहे. ज्या मुसलमान उस्तादांकडून विद्या घेतली त्यांच्या ज्ञानाची किंमत त्यांनी कमी लेखली, हा नंतरच्या अभ्यासकांचा आक्षेपही गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण हे दोष ‘हौशी माणसाने केले म्हणून कच्चे राहिले’ या जातीचे नाहीत. उलट, व्यवस्था लावण्याचा वकिली हव्यास जरा जास्तच झाला, असे म्हणणे अधिक खरे होईल.

दुसरे नाव गोविंद सखाराम सरदेसाई यांचे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या पदरी ते १८८९ पासून छत्तीस वर्षे होते: महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, पत्रव्यवहार आणि हिशेब पाहणे. राजपुत्रांना शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच ‘रियासत’ ही इतिहासग्रंथांची माला लिहिली गेली, तेव्हा इतिहासाशी त्यांचा संबंध नोकरीत असतानाच जडला होता. पण ते काम उरल्यासुरल्या तासांचे होते. १९२५ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होऊन ते मावळात कामशेतला येऊन राहिले, आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यानंतर सुरू झाले. पुण्याचे पेशवे दप्तर तोवर संशोधकांना जवळजवळ बंदच होते. ते तपासून निवडक कागद छापण्याचे काम मुंबई सरकारने सरदेसायांकडे सोपवले, आणि १९३० ते १९३४ या अवधीत त्याचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. म्हणजे काम हाती घेतले तेव्हा ते चौसष्ट-पासष्ट वर्षांचे होते.

पेशवे दप्तरात काम करणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहिल्याशिवाय या पंचेचाळीस आकड्याचा अर्थ कळत नाही. कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, जाड कापडाचा मोठा चौकोन. चारी टोके एकमेकांवर आणून गाठ मारलेली. गाठ सोडली की आत घड्या घातलेल्या लांबट कागदांची चळत. लिपी मोडी, बोरूने एका दमात ओढलेली; शब्द कुठे तुटतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, कारण शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही आणि विरामचिन्हे तर नाहीतच. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मायना लांबलचक, मजकूर कधी चार ओळींचा. आणि सर्वांत मोठी अडचण तारखेची. पुष्कळ पत्रांवर नुसते ‘छ’ अक्षर, पुढे चंद्राचा आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव असते; वर्ष नसते. तेव्हा हे पत्र पानिपतच्या आधीचे की नंतरचे, हे ठरवायचे तर त्यात उल्लेखलेला माणूस त्या वेळी कुठे होता, नदीला पूर होता का, कुणाच्या मुंजीचे आमंत्रण आले होते, अशा धाग्यांवरून ठरवायचे. यासाठी तेजस्वी बुद्धीपेक्षाही एक निराळा गुण लागतो. दहा हजार कागद वाचून झाल्यावर दहा हजार एकावा कागद पहिल्याइतकाच सावधपणे वाचायचा, त्याची नोंद ठरल्या जागी करायची, आणि चार महिन्यांनी लागला तर तो दोन मिनिटांत काढून द्यायचा. छत्तीस वर्षे राजवाड्यातला पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळलेल्या माणसाला ही सवय शिकवावी लागली नाही. तरुण पदवीधराला ती लागायला दहा वर्षे गेली असती.

सरदेसायांचे काम केवळ टेबलापुरतेही नव्हते. जदुनाथ सरकार हे त्यांचे जिवलग स्नेही आणि कठोर टीकाकार, तेही सरकारी शिक्षणखात्यातून १९२६ मध्ये निवृत्त झालेले. कामशेतला ते येत, आणि दोघे म्हातारे मिळून जुन्या लढायांच्या जागा, घाट, गढ्या पाहायला निघत. नकाशात जी खिंड बोटभर दिसते तिथून तोफा नेता येतील का, नदीचा उतार कुठे आहे, सकाळचे ऊन कुणाच्या डोळ्यांवर आले असेल, या गोष्टी जागेवर गेल्याशिवाय कळत नाहीत. ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’चे तीन खंड सरदेसायांनी १९४६ ते १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. शेवटचा निघाला तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते.

रानावनाचे म्हणाल तर मारुती चितमपल्लींचे उदाहरण आपल्या पिढीसमोरचे आहे. वनखात्याची नोकरी संपवून ते १९९० मध्ये निवृत्त झाले. नोकरीत रानात हिंडताना केलेल्या नोंदी, गोंड-माडिया माणसांकडून ऐकलेली पक्ष्यांची, झाडांची नावे, हे सगळे वर्षानुवर्षे वह्यांत साठत होते. त्याचा ‘पक्षिकोश’ झाला तो निवृत्तीनंतर, सत्तरीच्या घरात, आणि पुढची कोशांची मालिका त्याहून उतारवयात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी स्थापली, त्यांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोन डॉक्टर होते. तिच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळले तर डॉक्टर, इंजिनियर, जंगल अधिकारी, लष्करी अंमलदार अशा इतर धंद्यांतल्या माणसांची टिपणे पानोपानी भेटतात. पक्षी पाहणे हे ज्याचे पोटाचे काम नाही त्यानेच आपल्याकडे पक्षी पाहण्याचे शास्त्र उभे केले.

यावर एक रास्त हरकत आहे. तुम्ही शिखरे मोजता आहात, असे कुणी म्हणेल. एक भातखंडे, एक सरदेसाई. बाकीचे हजारो पेन्शनर सकाळी फिरून आले, वर्तमानपत्र वाचले आणि गेले. त्यांचा इतिहास कुठे आहे? याचे उत्तर संस्थांच्या वहीखात्यांत आहे. इतिहाससंशोधक राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. त्याच्या सभांत निबंध वाचणारे, आपल्या गावच्या वाड्यातले दप्तर उचलून आणून देणारे, ताम्रपटाचा ठसा घेऊन पाठवणारे लोक मामलेदार, वकील, शाळामास्तर, डॉक्टर, इनामदार होते. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एखादेच टिपण लिहिले. पण वाईच्या कुणी दिलेला एक कागद आणि चिंचवडच्या कुणी दिलेला दुसरा, असे जमत जमतच इतिहासाची साधने छापली गेली. शिखराला पायथा लागतो, आणि हा पायथा पगारी संशोधकांचा नव्हता. हौशी माणसाचे काम ढिसाळ असते, असे विद्यापीठातून म्हटले जाते. काही ढिसाळ होतेच. जुन्या रियासतीत पुराव्याचे हवाले पुरेसे नाहीत ही तक्रार योग्य होती, आणि नवी साधने हाती आल्यावर सरदेसायांनीच आपले जुने लेखन पुन्हा पुन्हा सुधारले. ज्याला बढती नको आहे त्याला चूक कबूल करणे सोपे जाते, हाही या वयाचा एक फायदा आहे.

दुसरी हरकत अधिक खोल आहे आणि तिच्यापुढे मान तुकवावी लागते. पेन्शन कुणाला होती? इंग्रजी शिकलेल्या, बहुधा पांढरपेशा, बहुधा ब्राह्मण पुरुषांना. शेतकरी निवृत्त होत नाही. बैल आणि माणूस दोघेही गळून पडेपर्यंत राबतात. गिरणी कामगाराला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा मिळाला तो १९५२ मध्ये. आणि बाईच्या कामाला तर सुटीच नव्हती, मग निवृत्ती कुठली? म्हणून वर सांगितलेला इतिहास एका लहानशा समाजाचा आहे, हे मान्यच केले पाहिजे. त्यावरून बाकीच्यांना हौस नव्हती असा अर्थ मात्र निघत नाही. त्यांची हौस कामाच्या आणि देवधर्माच्या पांघरुणाखाली चालली, म्हणून तिचे नाव झाले नाही. मृगाच्या पेरण्या उरकून आषाढीला निघणारी पन्नाशीची शेतकरीण एरवी माहेरी चार दिवस राहायला सासूची परवानगी मागत आली होती. वारीने तिला तीन आठवडे उघड्या आभाळाखाली, सोबतिणींबरोबर, गात चालण्याचा असा हक्क दिला जो घरातले कुणीही नाकारू शकत नव्हते. गिरणगावातली भजनी मंडळे, कामगार कल्याण केंद्रांतल्या नाटकांच्या तालमी, १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेत दिवसभर बँकेत किंवा कचेरीत खर्डेघाशी करून रात्री उभी राहणारी हौशी मंडळी, हा सगळा याच इतिहासाचा न लिहिलेला भाग आहे.

आणि वाकळ. पश्चिम महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात आणि इतरत्र गोधडी, ती शिवणारा हात बहुधा प्रौढ बाईचा असतो, कारण तरुणपणी तेवढा वेळ एका जागी बसायला मिळत नाही. विटलेली लुगडी, फाटकी धोतरे, पोरांची आखूड झालेली परकर-पोलकी फाडून, सरळ करून अंगणात एकावर एक अंथरायची. वाऱ्याने हलू नयेत म्हणून कडेला दगड ठेवायचे. सुईत दोरा ओवून द्यायला एक नातवंड जवळ लागते. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे, चौकोनात चौकोन, शेवटचा टाका मधोमध येईपर्यंत. टाका सारखा पडला नाही तर थर आत गोळा होतात, म्हणून बोट कापडाखालून चालत राहते. कोणता तुकडा वर दिसेल, लालशेजारी हिरवा की पिवळा, हे कुणी शिकवलेले नसते. पण तिचे ठरलेले असते. जन्मभर काटकसरीने घर चालवताना कुठलीही चिंधी वाया जाऊ न देण्याची जी नजर तयार होते, तीच इथे रंगसंगती होऊन उतरते. या कामाला आज प्रदर्शनांत जागा मिळते आहे, तेव्हा त्याला कला म्हटले जाऊ लागले. शिवणाऱ्या बाईचे नाव अजूनही क्वचितच लावले जाते.

ज्या बाईला नाव मिळाले तिचे उदाहरण म्हणूनच फार महत्त्वाचे. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत; लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचे पती नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम अकरा अध्यायांवर अडले होते. लक्ष्मीबाईंनी पन्नाशीनंतर ते हाती घेतले आणि उरलेले चौसष्ट अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने आली १९३४ ते १९३६ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षापासून. मराठी गद्यात त्या पुस्तकाची जागा काय आहे हे सांगायला नको. त्या गद्याची जात ओळखीची आहे: माजघरात, परसदारी, बायकांत बसून गोष्ट सांगण्याची. आयुष्यभर बोलून कमावलेली ती हातोटी कागदावर आली एवढेच, आणि पंडिती मराठीला जे जमले नव्हते ते तिने केले.

म्हणूनच अलीकडे उतारवयातल्या छंदांविषयी जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे मला अपुरे वाटते. छंदाने रक्तदाब आटोक्यात राहतो, एकटेपणा जातो, स्मरणशक्ती टिकते, असे सांगून त्याची शिफारस केली जाते. हे फायदे असतील, आणि ज्याला ते मिळतात त्याला ते मिळोत. पण छंद औषधासारखा घ्यायचा म्हटला की काम गौण होते आणि घेणारा रोगी ठरतो. भातखंडे दुःख विसरायला प्रवासाला निघाले असतील, नसतीलही. एट्टयपुरमला त्यांनी प्रश्न विचारले ते उत्तर हवे होते म्हणून. वानप्रस्थाची आठवण देऊन कुणी असेही म्हणेल, की या वयात माणसाने आवरते घ्यावे, नामस्मरण करावे, नव्या उपाधी कशाला? ज्याची तशी ओढ आहे त्याने तसे जरूर करावे. पण आवरते घेण्याची सक्ती शास्त्रानेही केलेली नाही. वनातल्या माणसालाही त्याने रोजचे पंचमहायज्ञ चुकवू दिले नाहीत.

केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ मध्ये पंचावन्नाचे अठ्ठावन्न झाले आणि १९९८ मध्ये साठ. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे अठ्ठावन्नच आहे. पेन्शनीचे स्वरूप बदलले, अनेकांना ती आता मिळतही नाही, तरी त्या तारखेनंतरची धडधाकट वर्षे पूर्वीपेक्षा वाढली आहेत आणि ती वर्षे हाती असलेल्या माणसांची संख्या तर कितीतरी पटींनी. बँकेत पस्तीस वर्षे ताळेबंद जुळवलेले, शाळेत पिढ्या शिकवलेले, नकाशे काढलेले, औषधे मोजलेले, पाच माणसांचे घर तुटपुंज्या पगारात चालवलेले हात आज गावोगाव मोकळे होत आहेत. त्यांना फोटो काढावेसे वाटतात, टेकडीवरची झाडे ओळखावीशी वाटतात, किल्ल्यांवरची टाकी मोजावीशी वाटतात. त्यांतले कुठलेही काम हलके नाही.

त्यातही एक काम फार दिवस वाट पाहते आहे. मोडी शाळांतून गेल्याला आता सत्तर वर्षे होत आली. पुण्याच्या पुराभिलेखागारात, भारत इतिहास संशोधक मंडळात, देवस्थानांच्या पेट्यांत आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून न वाचलेले लाखो कागद रुमालांत आहेत, आणि वाचणारे हात थोडे. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. जुने हस्ताक्षर सराईतपणे लागायला काही वर्षे लागतात. पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात केली तर ती वर्षे हाताशी असतात. तुमच्या घरी, गावच्या देवळात, किंवा नात्यातल्या कुणाच्या माळ्यावर असा एखादा रुमाल असेल तर तो रद्दीत देऊ नका. आधी कोरड्या जागी ठेवा, आणि मग तो वाचायला शिका.